सेल काढून ठेवलेला कॅमेरा

बाबांच्या संगणकात पाच हजार एकशे वीस, दीपेशदादाच्या लॅपटॉपमध्ये दोन हजार आठशे चौऱ्याहत्तर, एकतीस सीडींवर मिळून तीन हजार एकशे नव्वद, आणि तीन पेनड्राइव्ह व एक मेमरी कार्ड यांत दोनशे बावीस. एकूण अकरा हजार चारशे सहा फोटो. त्यांतल्या हुबेहूब नकला काढून टाकल्या तेव्हा चार हजार सदतीस उरले. आणि या चार हजार सदतीसपैकी तीन हजारांहून अधिक फोटो, म्हणजे आमच्या घरातली आठ वर्षांची लग्नं, बारशी, सहली, सत्यनारायण आणि महालक्ष्म्या, हे सगळं एकाच दिवशी घडलेलं होतं: एक जानेवारी दोन हजार एक, पहिल्या काही तासांत. एका फाइलीत माझ्या आतेभावाच्या, दीपेशदादाच्या, गळ्यात वहिनी वरमाला घालत होती आणि त्याच मिनिटाला दुसऱ्या फाइलीत त्यांचा मुलगा बोरन्हाणात बसून रडत होता.

याचं कारण मला माहीत होतं. बाबा सेल काढून ठेवतात. देवासच्या कारखान्यात ते तयार मालाची तपासणी करतात आणि कुठल्याही वस्तूत गरज नसताना काही शिल्लक राहिलेलं त्यांना पाहवत नाही. टॉर्चमधले सेल काढलेले असतात, रिमोटमधले काढलेले असतात, आम्ही चार दिवस गावाला गेलो तर भिंतीवरच्या घड्याळातलाही सेल काढलेला असतो. ‘गळतो तो. आतून सगळं खातो,’ असं ते म्हणतात. कॅमेरा दोन हजार एक साली आला तेव्हापासून प्रत्येक समारंभानंतर त्याचे चारही सेल निघाले, रबरबँडने बांधले गेले आणि देवघराच्या खणात कापरापाशी ठेवले गेले. प्रत्येक वेळी कॅमेऱ्याचं आतलं घड्याळ मेलं आणि पुढच्या समारंभाला पुन्हा एक जानेवारीपासून जगू लागलं. फ्लॅशही सेल खातो, म्हणून तो पहिल्या दिवसापासून बंद. मला हे कळलं तेव्हा मी एकटीच हसत बसले. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करताना काळ या गोष्टीबद्दल मी बरंच वाचलं होतं, पण काळच नसलेलं कुटुंब प्रथमच पाहत होते आणि ते माझंच होतं.

पण मी फोटो मोजायला बसले ते काळासाठी नव्हे, एका कपबशीसाठी. संक्रांतीला अक्का, म्हणजे बाबांची मोठी बहीण, धारहून देवासला आमच्याकडे आली होती. दुपारी सगळे बसलेले, आईने चहा दिला, अक्काने बशी उचलली आणि कप बशीवर वाजू लागला. किणकिण, किणकिण. फार मोठा आवाज नव्हता. कुणी बोलत असतं तर ऐकूही आला नसता. पण नेमकं त्या क्षणी कुणीच बोलत नव्हतं, आणि तो आवाज ऐकत आम्ही सगळे आपापल्या चहाकडे पाहू लागलो. अक्काच पहिली बोलली. ‘काय झालं? चहात माशी पडलीय का सगळ्यांच्या?’ दीपेशदादाने, तिच्या मुलाने, कप तिच्या हातातून काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. हे त्याने इतक्या हळुवारपणे केलं की मला कसंसंच झालं. तो म्हणाला, ‘आई, बस हो गया. अब धार बंद. इथे देवासला माझ्या फ्लॅटमध्ये खोली रिकामी आहे, रुची घरी असते. परवा तू डाळीचं पातेलं उतरवत होतीस ना, मी बघितलंय.’ रुचीवहिनी म्हणाली, ‘हां आई, आणि मला पण कंपनी होईल.’ अक्का म्हणाली, ‘तुला कंपनी होईल गं, मला कोण होईल? तिसऱ्या मजल्यावर मी मेंढीकोट कुणाशी खेळू, लिफ्टशी?’

अक्काचं धारचं घर म्हणजे गल्लीत, वर दोन खोल्या, खाली भाडेकरू भवानीबाई. रोज दुपारी वरच्या खोलीत सतरंजीवर चौघीजणी पत्ते खेळतात. भवानीबाई तिरल्याच्या बाजारातून आणलेली बोरं किंवा हरभऱ्याचे घाटे पदरात घेऊन येतात आणि हरल्या तर घाटे परत नेतात. अक्का पत्त्यांत लबाडी करते हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती जोडीदारणीला खोकून खूण करते. एरवी तिला खोकला येत नाही. माझ्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या त्या सतरंजीच्या कडेला गेल्या, आणि पुढे कॉलेजात संभाव्यतेचा विषय आला तेव्हा मला तो नवीन वाटलाच नाही.

कपबशीच्या दुसऱ्या आठवड्यात अक्काला इंदूरला डॉक्टरांकडे नेलं. मीही गेले. डॉक्टरांनी तिला हात पुढे धरायला सांगितले, कागदावर गोल गोल काढायला लावलं, आणि विचारलं, ‘कधीपासून आहे?’ दीपेशदादा म्हणाला, ‘पप्पा गेल्यापासून.’ अक्का म्हणाली, ‘जन्मल्यापासून.’ दोन्ही उत्तरं एकदम आली. डॉक्टर हसले. म्हणाले, काही घराण्यांत असा हात असतो, त्याचं काही होत नाही, माणूस त्याच्यासकट नव्वद वर्षं जगतो. आणि काही वेळा तो वाढत जातो, मग ती वेगळी गोष्ट. महत्त्वाचं एवढंच की वाढतोय का. परतताना गाडीत, देवासचा टोलनाका आल्यावर, अक्काच म्हणाली, ‘हे बघ दीपेश. वाढला असेल तर पाडव्याला मी स्वतः कुलूप लावते आणि किल्ली तुझ्या हातात देते. पण वाढला नसेल, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. ना तू, ना तुझी बायको, ना तुझा हा मामा.’ बाबा पुढच्या सीटवर बसले होते. ते म्हणाले, ‘मी काय केलं?’ ‘तू गप्प बसलास,’ अक्का म्हणाली, ‘तेही काही कमी नाही.’

पण वाढला की नाही हे कोण सांगणार? मी आठवून पाहिलं. सुट्टीत ती माझ्या डोक्याला तेल लावायची, घट्ट वेणी घालायची. माझं डोकं तिच्या गुडघ्यांमध्ये असायचं आणि कानशिलावर तिचा अंगठा. तो अंगठा थरथरत होता का? आठवणीत शिरले की होय, थरथरत होता. बस उभी असताना इंजिन चालू असलं की सीटला जी बारीक थरथर असते तशी. नारळाच्या तेलाचा वास, खाली भवानीबाईंचा रेडिओ, आणि कानशिलावर ती थरथर. पण ही आठवण मी कपबशीच्या आधी कधी काढली होती? नव्हती काढली. मग ही थरथर त्या अंगठ्यात होती की मी आता तिथे नेऊन ठेवली? दुसऱ्या दिवशी पुन्हा आठवलं तर थरथर आणखी स्पष्ट झाली होती, आणि मला भीती वाटली, कारण जी गोष्ट प्रत्येक वेळी पाहिल्यावर अधिक स्पष्ट होते ती बहुधा आपणच काढत असतो. मला अक्काचा हात वाढलेला नको होता. ज्याला उत्तर कोणतं हवं हे आधीच ठाऊक आहे, त्याने आठवणीने मोजू नये, एवढं तरी मला शिकवलेलं होतं.

मग ते सुचलं, आणि सुचलं तेव्हा मी भांडी घासत होते. दर वर्षी महालक्ष्म्यांना आम्ही सगळे धारला अक्काकडे जमतो. संध्याकाळी ट्यूबलाइट बंद करतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोघींसमोर समया लावतात, अक्का ताम्हणात निरांजन घेऊन ओवाळायला उभी राहते, आणि दर वर्षी, अगदी दर वर्षी, बाबा कॅमेरा डोळ्याला लावून ओरडतात, ‘अक्का, थांब! हलू नकोस!’ अक्का ताम्हण तसंच हवेत धरून थांबते. देवीसुद्धा थांबते. बाबा दाबतात. फ्लॅश नाही, खोलीत फक्त ज्योती, म्हणून कॅमेऱ्याचा डोळा सेकंदाचा चौथा भाग उघडा राहतो. आणि सेकंदाच्या चौथ्या भागात अक्काचा हात जितका हलेल तितकी निरांजनाची ज्योत फोटोत फराटा ओढेल. मी ओल्या हातांनी संगणक लावला, मिळाला तो महालक्ष्म्यांचा फोटो उघडला आणि ज्योत मोठी करत गेले. पडद्यावर पिवळ्या चौकोनांचा ढीग दिसू लागला. ज्योत उभी नव्हती, जरा आडवी पसरलेली होती. फराटा होता. पाठीमागून आई म्हणाली, ‘नळ चालू आहे.’

मात्र त्याच फोटोत जमिनीवरच्या समईची ज्योतही आडवी पसरलेली होती. समई तर अर्धा मण पितळेची. ती हलेल कशी? दहा मिनिटं मी त्या समईकडे बघत राहिले आणि मग उठून ओसरीवर गेले. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. मी कागदाच्या कडेकडे पाहिलं. कागदाची कड हलत होती. ‘बाबा, तुमचाही हात हलतो,’ मी म्हटलं. ‘कुणाचा? माझा? छे. पंखा लागलाय.’ पंखा बंद होता, जानेवारी महिना होता. बाबांनी वर पंख्याकडे पाहिलं, मग हाताकडे, आणि वर्तमानपत्र घडी घालून मांडीवर ठेवलं. म्हणाले, ‘आमच्या तात्यांचाही हलायचा. विडी पेटवताना तीन काड्या लागायच्या.’ तात्या म्हणजे माझे आजोबा. म्हणजे एक गोष्ट सोपी झाली. समई फोटोत जेवढी हलली तो कॅमेरा धरणारा बाबांचा हात. निरांजन जेवढं हललं त्यातून समईचं वजा केलं की उरतो तो अक्काचा. आणि ताम्हण प्रत्येक वर्षी तेच, अक्काच्या लग्नातलं. त्याचा काठ फोटोत दिसतो, तोच माझी मोजपट्टी.

आता फोटो हवे होते आणि मूळचेच हवे होते. हे मला वाटलं त्यापेक्षा अवघड निघालं. आमच्याकडे फोटो जपण्याची पद्धत अशी की कुणीही स्वतःकडे काही ठेवायचं नाही, सगळ्यांना वाटून टाकायचं. कार्ड भरलं की बाबा ते धारच्या एका दुकानात देत, दुकानदार सीडी करून देई, सीडीच्या चार नकला होत, त्या चार घरी जात, आणि कार्ड पुसलं जाई. त्यामुळे बोरन्हाणाचा एक फोटो मला अकरा ठिकाणी सापडला, आणि बाबांनी जपून ठेवलाय असं ज्याच्याबद्दल सगळे म्हणत होते तो कुठेच नाही. शिवाय दुकानदाराने एका सीडीत जास्त मावावेत म्हणून काही वर्षांचे फोटो लहान करून टाकले होते. लहान केलेल्या फोटोत फराटाही लहान होतो आणि कडा पुसट होतात. दिसायला सगळं जागेवर, मोजायला मात्र निकामी. मी धारला जाऊन त्या दुकानात उभी राहिले तेव्हा तो अभिमानाने म्हणाला, ‘दीदी, पूरा साल एक सीडी में डाल दिया था मैंने. अंकलजी का पैसा बचाया.’ मी विचारलं, ‘भिया, ओरिजिनल?’ तो म्हणाला, ‘ओरिजिनल तो कार्ड में था, और कार्ड तो आपने नवरात्रि में फिर भर लिया.’

त्या दिवशी मी अक्काकडेच उतरले होते. तिच्याकडच्या सीडी स्टीलच्या डब्यात, फरसाणाच्या शेजारी, अगदी नीट ठेवलेल्या होत्या. पण एक कमी होती. ‘ती होय? ती गच्चीवर आहे,’ अक्का म्हणाली. गच्चीत वाळवणाच्या दोरीला दोऱ्याने बांधून सीडी लटकत होती आणि वाऱ्याने फिरत भिंतींवर, टाकीवर, शेजारच्या घराच्या खिडकीवर उजेडाचे तुकडे फेकत होती. ‘कबुतरं येत नाहीत,’ अक्का म्हणाली, ‘भवानीने सांगितलं.’ मी जवळजवळ ओरडले. सीडीवर पेनाने लिहिलं होतं: महालक्ष्मी, दीपेश, इतर. वर्ष नव्हतं. ‘अगं पण त्यावर गाणी नाहीत, लावून पाहिलं मी,’ ती म्हणाली, ‘नुसतीच गप्प बसते.’ सीडी साबणाने धुतली, मऊ धोतराच्या तुकड्याने पुसली, आणि बरोबर आणलेल्या दीपेशदादाच्या लॅपटॉपमध्ये ती सावकाश गुरगुरत वाचली गेली. साठांपैकी एक्केचाळीस फोटो आले. त्यांत निरांजनाचा होता, आणि मूळच्या आकाराचा होता. मी अक्काला मिठी मारली. ती म्हणाली, ‘कबुतरांना सांगते हं तसं.’

असे आठपैकी सात वर्षांचे फोटो मिळाले. एका वर्षाचा फक्त दुकानदाराने लहान केलेला होता. आता मला स्वतःपासून सावध राहायला हवं होतं. मी प्रत्येक फोटोतून तीनच तुकडे कापले: निरांजनाची ज्योत, समईची ज्योत, ताम्हणाचा काठ. साडी नाही, चेहरा नाही, भिंत नाही. तुकड्यांना चिठ्ठ्या टाकून क, ख, ग, घ, च, छ, ज अशी नावं दिली. कोणतं अक्षर कोणत्या वर्षाचं हे मला मुद्दाम कळू दिलं नाही. मग एकेका ज्योतीचा आडवा पसारा तीन-तीनदा मोजला. हे काम मला आवडलं, हे सांगायला संकोच वाटतो, पण आवडलं. बाहेर कुणाच्या तरी घरी कढईत सेव पडत होती, तिचा चुर्र आवाज येत होता, आणि माझ्यासमोर अक्का नव्हती, बाबा नव्हते, फक्त दोन ज्योती आणि पितळेची कड. एका माणसाची भीती इतकी लहान करता येते याचं आश्चर्य वाटत होतं. मग मी खुर्चीतून उठून पाणी प्यायले तेव्हा लक्षात आलं की मी आता ज्योतीकडे पाहिलं की ज्योत पाहत नाही, तिची रुंदी पाहते. संध्याकाळी आईने देवापाशी दिवा लावला, तेव्हाही तेच. थोडा वेळ मी डोळे मिटून बसले. आईला वाटलं मी प्रार्थना करतेय, आणि ती खूश झाली.

समईचं वजा करून आकडे मिळाले. लहानापासून मोठ्यापर्यंत लावले तर तीन, चार, चार, चार, चार, पाच, सात. मिलिमीटरमध्ये. ‘घ’ या अक्षराचा आकडा सात होता, आणि गंमत म्हणजे ‘घ’ मध्येच समईही सगळ्यांत जास्त हलली होती, म्हणजे बाबांचा हातही. पण हे आकडे मी असेच एका ओळीत लावून पाहिले. तीन, चार, पाच, सात. वर्षं याच क्रमाने असतील तर पाडव्याला धारच्या घराला कुलूप. आणि ते मी लावलेलं असेल. मी कुणालाही आकडे सांगितले नाहीत. बाबांनी दोनदा विचारलं, ‘काय निघालं?’ मी म्हटलं, ‘अजून वर्षं लावायची आहेत.’ ते म्हणाले, ‘तारीख आहे की फाइलीत.’ मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, ‘हां. बरोबर. सेल.’

वर्षं लावायची कशी? फाइलींचे क्रमांक दर वेळी नव्याने सुरू झालेले. भिंतीवरचं कॅलेंडर समईच्या धुराने धूसर. मी आठवडाभर मुलांची उंची, पडद्यांचे रंग, वहिनीच्या केसांची लांबी असल्या गोष्टींच्या मागे होते. उत्तर दिलं ते आईने, तेही सहज, माझ्या मागून पडद्याकडे पाहत. ‘ही बघ वन्संची जांभळी. ही त्याआधी ज्येष्ठेला नेसवली होती.’ वन्सं म्हणजे अक्का. आमच्याकडे दर वर्षी दोन्ही देवींना नवी साडी असते, आणि ज्येष्ठेची साडी पुढल्या वर्षी महालक्ष्म्यांना अक्का नेसते, कनिष्ठेची आई. मी आईकडे पाहतच राहिले. म्हणजे प्रत्येक फोटो आपल्या आधीच्या फोटोचा पत्ता अंगावर घेऊन उभा होता. देवीच्या अंगावर या वर्षाची साडी, अक्काच्या अंगावर मागच्या वर्षाची. शेवटची साडी अजून कुणीच नेसलेलं नाही, ती अक्काच्या कपाटात. तिथून एक एक वर्ष मागे जायचं.

रविवारी आम्ही सगळे दीपेशदादाच्या गाडीने धारला गेलो. साड्या ओळखायला अक्का हवी होती, आणि निकाल ऐकायला दीपेशदादाला तिथंच असायचं होतं. दुपारची वेळ. भवानीबाई घाटे सोलत बसल्या होत्या, ‘मी नाही ऐकत तुमचं, खेळा तुम्ही’ असं म्हणून एक शब्द चुकवत नव्हत्या. मी आकडे लिहिलेला कागद चारदा घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला होता. अक्काने विचारलं, ‘कोणता फोटो चांगला आलाय गं, सांग तरी.’ ‘सगळे चांगले आहेत.’ ‘नाही, म्हणजे हाताच्या दृष्टीने.’ ‘अक्का, पत्ते नाहीत हे.’ ती खोकली. भवानीबाई हसल्या. ‘खोकू नको, इथे तुझी जोडीदारीण कोणी नाही.’

पडद्यावर एकेक फोटो आला आणि अक्काने एकेक साडी ओळखली. ही माहेश्वरी जांभळी, ही डाळिंबी, ही मोरपंखी, मोरपंखीच्या काठाला भवानीने चहा सांडला होता. (‘मी नाही, तुझ्या नातवाने,’ भवानीबाई म्हणाल्या.) लहान केलेला निकामी फोटोही साडी दाखवायला पुरेसा होता. दुवे जुळत गेले, आणि मग एका जागी अडले. दोन फोटोंत ज्येष्ठेला एकच साडी होती, हळदी रंगाची चंदेरी. एकात अक्का मोरपंखी नेसलेली, दुसऱ्यात ती रोजचीच साधी सुती साडी नेसलेली. मी दोन्ही शेजारी शेजारी लावले. खोलीत घाटे सोलण्याचा आवाज थांबला. बाबा घाईने म्हणाले, ‘एकाच वर्षीचे असतील गं. सकाळी एक नेसली असेल, संध्याकाळी एक. जोडून टाक.’ मी म्हटलं, ‘दोन्ही संध्याकाळचे आहेत, बाबा.’ दीपेशदादा फोटोकडे पाहत होता. त्यात एका कोपऱ्यात तोही होता, दाढी वाढलेला.

‘नाही रे प्रताप,’ अक्का बाबांना म्हणाली. तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. ‘हे गेले ते वर्ष आहे. त्या साली नवी साडी आणली नव्हती. सगळे म्हणत होते या साली महालक्ष्म्या बसवूच नका. मी म्हटलं, दारात आलेल्या बायकांना मी परत कशी पाठवू? पण बाजारात जायला पाय निघेना. मग देवीला म्हटलं, बाई, जुनीच नेस. तिने नेसली.’ काका, म्हणजे अक्काचे यजमान, दोन हजार पाच सालच्या जूनमध्ये गेले. मला त्या महालक्ष्म्यांची संध्याकाळ आठवली. ओवाळायची वेळ झाली तेव्हा कुणी पुढे होईना, कुणी कुणाला सांगेना, आणि अक्काने स्वतःच ताम्हण उचललं. तेव्हाही बाबा म्हणाले होते, ‘थांब, हलू नकोस,’ पण आवाज नेहमीसारखा नव्हता. हे आठवलं तेव्हा मी ते पडताळून पाहायचा प्रयत्न केला नाही. ‘आणि त्याच्या पुढच्या वर्षी?’ दीपेशदादाने विचारलं. तो आईला विचारत होता, मला नाही. ‘पुढच्या वर्षी आणली की. हिरवी. तूच आणलीस, तुला किंमत करता आली नाही म्हणून मी ओरडले होते.’ ‘हां,’ तो म्हणाला. ‘हिरवी.’ आणि हसला, जरा.

मग सगळं सुटलं. हळदी साडीचा दुसरा फोटो आपल्या जागी बसला आणि पुढचे तीन त्याच्या मागोमाग. अक्काने कपाटातून शेवटची साडी काढून मांडीवर ठेवली, खात्री म्हणून. सगळे फोटो मी दोन प्रतींत उतरवून घेतले होते. एक देवासला आमच्या कपाटात, एक इथे धारला, स्टीलच्या डब्यात. दोन गावांत दोन प्रती असाव्यात, असा नियम आहे. ‘म्हणजे काय, हा डबा माझ्याकडेच राहणार?’ अक्काने विचारलं. मी म्हटलं, ‘तुम्ही कुठे असाल त्यावर आहे.’ ती म्हणाली, ‘मग वाच. उगाच ताणू नकोस. मी पाडव्याला कुलूप लावते म्हणाले होते, ते हसण्यावारी नाही.’ बाबांनी सवयीने बरोबर आणलेल्या कॅमेऱ्याचं झाकण उघडून सेल काढले आणि मुठीत धरले. दीपेशदादा आईच्या शेजारी सतरंजीवर येऊन बसला. भवानीबाईंनी हात पदराला पुसले. मी चष्म्याची डबी उघडली, कागदाच्या घड्या सोडवल्या, प्रत्येक अक्षरासमोर त्याचं वर्ष लिहिलं आणि वर्षांच्या क्रमाने वाचलं.

दोन हजार एक, चार मिलिमीटर. दोन हजार दोन, चार. दोन हजार तीन, मोजता आलं नाही. दोन हजार चार, तीन. दोन हजार पाच, सात. दोन हजार सहा, पाच. दोन हजार सात, चार. दोन हजार आठ, चार. मोजण्यातली चूक, अर्धा मिलिमीटर इकडे किंवा तिकडे.